बदकाची शेवटची चार पानं

तीर्थरूप ताईस,

(तीर्थस्वरूप नव्हे. आईवडिलांना तीर्थरूप आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हा शाळेत शिकवलेला फरक मी विसरलेलो नाही. विचार करूनच लिहिलंय.)

धाकट्याचा नमस्कार. वाकून केलाय असं समज. खरोखर वाकलो तर मला उठवायला जावयाला कामावरून बोलवावं लागेल. तुझा गुडघा कसा आहे? खोकला गेला का? डोळ्यांचं विचारत नाही, कारण ते विचारायला मला तोंड नाही. तुझी मागची दोन्ही पत्रं शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या अक्षरात आली. पहिलं आलं तेव्हा मी मनाची समजूत घातली की ताईचा हात दुखत असेल. दुसरं आलं तेव्हा ती समजूत पुरली नाही. (बाई, तुम्हीच हे मोठ्याने वाचत असणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. तुमच्या ओळी तुमच्या टाक्यांसारख्याच सरळ आहेत.) "ऑपरेशनची घाई नाही, तू आलास की करू," हे वाक्य दोन्ही पत्रांत आहे, शब्दाचाही फरक नाही. तू मोतीबिंदू पिकवत बसली आहेस आणि मी इथे बदकं वाचत बसलोय. बदकं का, ते आता सांगतो. जरा लांबण लागेल, पण तुला सवय आहे.

ही गेली तेव्हा लेक मला सहा महिन्यांसाठी म्हणून इकडे घेऊन आली. त्या सहा महिन्यांना आता अडीच वर्षं झाली. तुला मी काय काय लिहिलं, ते माझ्या लक्षात आहे. आधी लिहिलं, नातीची शाळा सुरू होतेय. मग लिहिलं, पाठ धरली आहे, डॉक्टर विमानात बसू नका म्हणतात. मग लिहिलं, इथली भाषा शिकतोय, ती जरा हातात आली की येतो. यातलं भाषेचं तेवढं खरं आहे. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, चालत जा. ते औषधाच्या दुकानापर्यंत म्हणाले होते, पण तरी.

भाषा शिकण्याची पाळी का आली, तर नातीमुळे. ती आता सात वर्षांची आहे, चुणचुणीत आहे, आणि तिला आपली भाषा येत नाही. लेकीला दोष देत नाही. ती सकाळी अंधारात जाते, संध्याकाळी पाय ओढत येते, आणि जावई तर घरी आल्यावर कुठल्याच भाषेत बोलत नाही. म्हणजे दुपारी शाळा सुटल्यापासून चार तास घरात मी आणि नात, आणि दोघांत मिळून शब्द तीन: हो, नाही, आणि दूध. पहिलं वर्ष आम्ही खाणाखुणांवर काढलं. मी हातवारे करून पाणी मागितलं की ती छत्री आणून द्यायची. मग मी एका वर्गात नाव घातलं. तिथल्या मास्तरीणबाई रोज विचारायच्या, काल काय केलंत? मी काल काहीच केलेलं नसायचं, आणि काहीच केलं नाही हे सांगण्याइतकी भाषा येत नव्हती. तीन आठवड्यांत मी हात टेकले. बाईंनी माझ्याआधी टेकले होते, पण त्या सभ्य आहेत.

मार्ग दाखवला ग्रंथालयातल्या बाईंनी. त्या बुटक्या आहेत, चष्मा साखळीला बांधून गळ्यात घालतात आणि कुणी मोठ्याने शिंकलं तरी त्याच्याकडे बघतात. मी तिथे रोज पंख्याखाली बसायला जायचो (घरातला पंखा आवाज करतो). एक दिवस त्यांनी खुणेनं विचारलं, लहानपणी काय वाचायचात? आणि मला थेट मुलांच्या कपाटापुढे नेऊन उभं केलं. म्हणणं असं की ओळखीचं पुस्तक घ्या, गोष्ट पाठ असली की शब्द आपोआप कळतात. मी गुडघ्याएवढ्या खुर्चीवर बसून एकेक पुस्तक बघू लागलो आणि ताई, तिसऱ्या फळीवर आपलं बदकाचं पुस्तक निघालं. तेच निळं तळं, तीच बोरूची बेटं, काठावर मोठी बहीण आणि धाकटा. फक्त अक्षरं वेगळी. मी त्या चिमुकल्या खुर्चीवर बसल्या बसल्या रडलो. बाई माझ्याकडे शिंकणाऱ्याकडे बघतात तशा बघत होत्या.

त्या दिवसापासून माझी गाडी जी सुटली म्हणतेस! शब्दकोश नको, मास्तर नको. तू ते पुस्तक मला आई आतल्या खोलीत आजारी होती आणि मग गेली, ते सगळं वर्ष रोज वाचून दाखवलंस. मी पाचाचा, तू अकराची. पान उलटायच्या आधी पुढच्या पानावर काय आहे ते मला माहीत. तळं आटतं, थवा निघून जातो, धाकट्याचा पंख मोडलेला, म्हणून मोठी एकटी त्याच्याबरोबर मागे राहते आणि राहिलेल्या वीतभर चिखलातला घास घास त्याला भरवते. चित्रावर बोट ठेवायचं आणि शब्द उचलायचा. महिनाभरात मला दोनशे शब्द आले. अडचण एवढीच, की दोनशेच्या दोनशे बदकांचे. पाठीला औषध हवं होतं तर दुकानदाराला म्हणालो, माझा डावा पंख दुखतो. त्याने हू की चू न करता बरोबर मलम दिलं. शेजाऱ्याला विचारायचं होतं, घरची मंडळी कशी आहेत, तर विचारलं, थवा बरा आहे ना? शिवाय त्या पुस्तकात सगळी जनावरं एकमेकांशी फार अदबीने बोलतात. मला ती भाषा रोजचीच वाटली. म्हणून मी बसच्या ड्रायव्हरला "हे कृपाळू महोदय, आपण कोणत्या पाण्याकडे निघालात?" असं विचारायचो. तो दारात मला बघितलं की बस अर्धा मिनिट जास्त थांबवतो. गल्लीत मला बदकआजोबा म्हणतात. पस्तीस वर्षं वजनमापांचा निरीक्षक होतो, मला पाहून बाजारपेठेच्या बाजारपेठेची पाचावर धारण बसायची, आणि म्हातारपणी हे नाव मिळालं. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

दुपारी मी ते पुस्तक नातीला वाचून दाखवायचो आणि ती माझे उच्चार सुधारायची. मोठ्या अधिकाराने. चुकलो की टेबलावर पेन्सिल आपटायची, तू पट्टी आपटायचीस तशी. (ही गोष्ट रक्तात उतरते हे मला ठाऊक नव्हतं.) रोज चार पानं. एकदा तिने विचारलं, हे तुला कुणी वाचून दाखवलं? मोठी बहीण हे शब्द मला येत होते, पुस्तकात पानोपानी आहेत. ती कुठे असते? गाव, घर, गल्ली यातलं पुस्तकात काहीच नव्हतं, तेव्हा जे होतं ते सांगितलं: तळ्यावर. तिला ते फार पटलं. त्या दिवसापासून तिच्या लेखी तू तळ्यावर राहतेस.

आता खरी गोष्ट. चार पानं उरली असताना मी नातीच्या आधी एकट्याने ती वाचायला घेतली, अडखळायला नको म्हणून. शेवट तर मला तोंडपाठ. पाणी परत येतं, पंख बरा होतो, धाकटा उडून जातो, साऱ्या जगाची तळी बघतो, आणि एक दिवस चोचीत हिरवा बोरू घेऊन परत येतो. मोठी त्याला मिठी मारत नाही की रडत नाही. म्हणते, "आलास? आधी पाय पूस." या वाक्याला मी पाच वर्षांचा असताना रोज हसायचो. पण इथे बोट ठेवतो त्या चित्रात काही जुळेना. धाकटा उडून जातो, ते ठीक. पुढच्या पानावर मोठी एकटी. त्याच्या पुढच्या पानावर मोठी एकटी, आणि बोरू वाळलेले. बोरू असलेली चोच कुठे दिसेना.

मी काय केलं असेल? तक्रार केली. दुसरं काय येतं मला! भाषांतर करणाऱ्याने माल बदललाय, वजनात मारलंय, असा लेखी अर्ज घेऊन ग्रंथालयातल्या बाईंपुढे उभा राहिलो. अर्ज बदकांच्या भाषेत होता, त्यामुळे "हे आदरणीय बाई, या तळ्यात अर्धंच पाणी आहे" असा काहीसा झाला. बाईंनी शांतपणे आतून त्याच पुस्तकाच्या आणखी दोन भाषांतल्या प्रती आणल्या. तिन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. तिन्हींत तेच. मोठी एकटी. मी म्हणालो, आमच्या घरच्या प्रतीत असं नव्हतं. आणि म्हणता म्हणता मला आपल्या घरची प्रत आठवली.

तिचा पाठचा पुठ्ठा जाड होता, ताई. शेवटची चार पानं एकमेकांना आणि पुठ्ठ्याला चिकटलेली होती. मी नख घालायला गेलो की तू माझा हात धरायचीस. "छापखान्यातच चिकटलीत ती. ओढलंस तर बदक फाटेल." बदक फाटेल या भीतीने मी पुन्हा कधी त्यांना हात लावला नाही. मी आयुष्यात किती तराजूंच्या पारड्यांखाली चिकटवलेलं मेण शोधून काढलं, चुंबक काढले, शिशाच्या गोळ्या काढल्या. एका किराणावाल्याचा काटा मी नुसता लांबून बघून पकडला होता, पेपरात आलं होतं. आणि अकरा वर्षांच्या पोरीने खळ लावून चिकटवलेली चार पानं मला साठ वर्षांत दिसली नाहीत. आई कुठे गेली, परत येईल का, हे मी तेव्हा रोज विचारायचो. त्या शेवटच्या पानांनंतर मी काय विचारलं असतं ते तुला कळलं होतं. पण शेवट तू एकटीने वाचलास, आणि मग रोज मला दुसराच सांगितलास. तुला कुणी सांगितला असेल गं, असा दुसरा शेवट?

यानंतर शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी पीठ आणि पाणी घेऊन लेकीच्या स्वयंपाकघरात खळ शिजवली. हो, ग्रंथालयाच्या पुस्तकासाठी. शिक्के मारलेल्या, सार्वजनिक मालकीच्या पुस्तकासाठी, मी, निवृत्त निरीक्षक. उरलेली खळ वाडग्यात ठेवली होती. जावयाने ती जेवताना गरम करून खाल्ली आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा आपणहून बोलला: चांगली झालीय, जरा मीठ कमी आहे. मी चार पानं चिकटवली, वर लोखंडी तवा ठेवला, आणि नात शाळेतून आल्यावर सरळ चेहऱ्याने म्हणालो, ही छापखान्यात चिकटलीत, शेवट मी तोंडी सांगतो. आणि सांगितला. बोरूसकट, पाय पूस सकट. "आधी पाय पूस" हे तिच्या भाषेत म्हणायला मी तीन दिवस तयारी केली होती.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग पुस्तक उचलून नाकाला लावलं आणि सांगितलं की हे ओलं आहे, आणि याला आपल्या स्वयंपाकघराचा वास येतोय. आणि हे पुस्तक त्यांच्या वर्गात गेल्याच वर्षी वाचून झालंय. म्हणजे महिनाभर ती मला वाचू देत होती, कारण मी खूश असायचो. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता विचारेल, खोटं का बोललास? तिने ते विचारलं नाही. तिने विचारलं, तुझी बहीण अजून तळ्यावरच आहे? मी म्हटलं, आहे. एकटी? एकटी. मग तू कधी जाणार? माझ्याजवळ जाण्याबद्दल एकच वाक्य होतं, धाकट्याचं. तेच म्हणालो: पंख बरा झाला की जाईन.

तिने माझा एक हात उचलून पाहिला, मग दुसरा. म्हणाली, "तुझे पंख तर बरे आहेत."

ताई, पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी पकडलं नव्हतं. मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बसलो.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन ग्रंथालयात गेलो. बाईंनी एक छापील कागद पुढे केला. त्यात एक रकाना होता: पुस्तक खराब होण्याचं कारण. मी त्यात लिहिलं, मोठ्या बहिणीनेही असंच केलं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग मला आतल्या खोलीत नेलं, किटलीत पाणी उकळत ठेवलं आणि वाफेवर पानं कशी सोडवायची ते दाखवलं. पाऊण तास लागला. एकही बदक फाटलं नाही. पानं सुटत गेली तसा मी पहिल्यांदा तो शेवट अक्षर अक्षर लावून वाचला. त्यात लिहिलंय, मोठी दर वर्षी बोरूंमधली एक जागा साफ करून ठेवते. पिसं पांढरी होतात. थवे वरून जातात, ती मान वर करते. तिला आता लांबचं नीट दिसत नाही, म्हणून ती प्रत्येक थव्यासाठी मान वर करते. एवढंच. त्याखाली पानाचा नंबर आहे.

शिवणवाल्या बाईंनी गेल्या पत्रात लिहिलं होतं की तू पुढच्या खोलीत माझी खाट लावून ठेवली आहेस, चादर दर आठवड्याला बदलतेस, आणि फाटक वाजलं की "कोण?" म्हणून बाहेर येतेस, पोस्टमन असला तरी. ते वाचून मी कागदाची घडी घातली होती आणि चहा प्यायला गेलो होतो.

तेव्हा आता लिहून टाकतो. मला यायला जमत नव्हतं असं नाही. मी आलो नाही. इथे दुपारी एक पोर माझी वाट बघते आणि मला आजोबा म्हणते, ते सोडवत नव्हतं. आणि तिथे आलो की तुझ्या डोळ्यांचं, गुडघ्याचं बघावं लागेल, कुणी तरी आपलं बघावं अशी सवय लागलेल्या माणसाला ते नको होतं. आईमागे तूच मला मोठं केलंस. तू शाळा सोडलीस तेव्हा मला वाटलं होतं, तुला अभ्यास आवडत नाही. अलीकडेपर्यंत वाटत होतं. मी नोकरीला लागलो, बदलीच्या गावी गेलो, आणि दर वेळी "पुढच्या सुट्टीत नक्की" म्हणत राहिलो. तू पानं चिकटवलीस ती मी रडू नये म्हणून, हे कळतं. पण कधी कधी वाटतं, धाकटा परत येत नाही, असंही होऊ शकतं, हे माझ्या कानावरच पडू नये असं तुला वाटलं असेल. तुझी खळ चांगली होती. माझ्यातच खोट निघाली. मला फार वाईट वाटतं, ताई.

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही, कारण उत्तर पोचेपर्यंत मी इथे नसेन. बाकी सगळे बरे आहेत.

तुझा,
धाकटा

ता.क. वर इतकं रडगाणं गायलोय म्हणून मी भावनेच्या भरात येतोय असा गैरसमज करून घेऊ नकोस. एक प्रत जुळत नसल्याचं माझ्या निदर्शनास आलं आहे आणि मला ती जागेवर येऊन तपासायची आहे. बदक अजून ट्रंकेत असेल तर पानं उघडू नकोस. चिकटलेलीच राहू देत.

ता.क. दुसरा. येत्या महिन्याच्या नऊ तारखेला, मंगळवारी, दुपारी पोचतो. डॉक्टरांकडून अकरा तारीख घे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. डोळ्यांवर पट्टी असेल तोवर मी ते पुस्तक तुला वाचून दाखवीन, आपल्या भाषेत, तुझ्या शेवटासकट. सुट्टी लागली की लेक नातीला घेऊन येणार आहे. नातीला त्याच पुस्तकावरून आपली भाषा शिकायची आहे. गोष्ट तिला पाठ आहे, अडचण यायची नाही. मात्र ती तळं कुठाय म्हणून विचारणार, त्याचं काय करायचं ते तू बघ.

ता.क. तिसरा, शिवणवाल्या बाईंसाठी. हे खरं म्हणजे पहिल्या पानावर लिहायला हवं होतं, पण तुम्ही मोठ्याने वाचण्याआधी एकदा मनात वाचत असाल असं धरून चालतो. पत्रात जिथे ताईला त्रास होईल असं वाटेल तिथे खुशाल बदल करा, चार ओळी गाळा, पानं चिकटलीत म्हणून सांगा. आमच्या घरात ती पद्धत आहे. तारीख तेवढी लिहिली आहे तशीच वाचा.